अतिव्यक्त प्रथिनाचा लायसेट कंट्रोल म्हणून कसा वापरावा : वेस्टर्न ब्लॉट नव्याने शिकणाऱ्यांसाठी

वेस्टर्न ब्लॉटमध्ये नमुन्यातली प्रथिने जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून पडद्यावर उतरवतात आणि प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) हवे ते प्रथिन शोधतात. हा पडदा पूर्ण कोरा निघाला, की नवख्या माणसापुढे एकाच वेळी अनेक संशय उभे राहतात. नमुन्यात ते प्रथिन नव्हतेच, की होते पण प्रतिपिंडाने ओळखले नाही? जेलमधून पडद्यावर प्रथिने उतरलीच नाहीत, की पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून खूण उमटवणारे दुय्यम प्रतिपिंड घालायचेच राहून गेले? कोऱ्या पडद्यावर ही सारी कारणे सारखीच दिसतात. त्यांची उकल करायची, तर त्याच जेलवर असा एक नमुना चालवावा लागतो, ज्यात आपले प्रथिन आहे याची आपल्याला आधीपासून खात्री आहे. अशा नमुन्यांना कंट्रोल म्हणतात, आणि त्यांपैकी सर्वांत सोयीचा म्हणजे अतिव्यक्त प्रथिनाचा लायसेट. हव्या त्या प्रथिनाचे जनुक प्लाझ्मिड या छोट्या गोल डीएनएमधून पेशींत घालायचे, पेशींकडून ते प्रथिन भरमसाट बनवून घ्यायचे आणि मग पेशी फोडून त्यांचा द्राव, म्हणजेच लायसेट, जपून ठेवायचा, एवढीच यामागची कल्पना आहे.

कल्पना सोपी असल्यामुळेच तिचा गैरवापरही फार होतो. या लायसेटच्या लेनमध्ये (जेलवरच्या त्याच्या उभ्या पट्ट्यात) उमटणारा बँड (प्रथिनाची आडवी रेघ) इतका ठसठशीत असतो, की तो पाहून प्रतिपिंड उत्तम आहे, पद्धत बरोबर आहे आणि आता नमुन्यांत जे दिसेल ते खरेच आहे, असे मानण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात हा कंट्रोल एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: माझ्या हातून, या दिवशी, या पद्धतीने, हे प्रतिपिंड हे प्रथिन ओळखू शकते का? तेच प्रतिपिंड दुसरे काही ओळखत नाही ना, किंवा नैसर्गिक प्रमाणातले प्रथिन त्याला दिसते का, या प्रश्नांची उत्तरे वेगळ्या वाटेने शोधावी लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा फरक ध्यानात ठेवून लिहिल्या आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी पी-५३ हे प्रथिन घेतले आहे, कारण लायसेट वापरताना जितक्या ठिकाणी पाय घसरू शकतो, तितक्या बहुतेक जागा या एका प्रथिनात सापडतात.

पायरी १ : लायसेट कोणत्या पेशींचा आहे ते पाहा

बहुतेक तयार लायसेट एचईके-२९३टी या पेशींत बनवलेले असतात. मूळ एचईके-२९३ पेशी १९७३ मध्ये मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातील पेशींमध्ये अ‍ॅडेनोव्हायरस-५ या विषाणूच्या डीएनएचे तुकडे घालून तयार झाल्या. पुढे त्यांत एसव्ही-४० या विषाणूचे लार्ज टी अँटिजेन घातले गेले आणि ‘२९३टी’ हे नाव रूढ झाले. प्लाझ्मिडवर डीएनएच्या प्रती काढण्याचा एसव्ही-४०चा आरंभबिंदू असेल, तर टी अँटिजेनमुळे त्या प्लाझ्मिडच्या पेशीतच अनेक प्रती बनतात आणि प्रथिनाचे उत्पादन खूप वाढते. शिवाय या पेशींत बाहेरचा डीएनए सहज शिरतो. मानवी पेशी असल्यामुळे प्रथिनाची घडी, त्यावरील साखरेच्या साखळ्या आणि इतर रासायनिक बदल हे जिवाणूत बनवलेल्या प्रथिनापेक्षा नैसर्गिक स्थितीच्या जवळ जातात.

मात्र या पेशी स्वतःही हजारो प्रथिने बनवतात आणि त्यांत तुमचे प्रथिनही असू शकते. पी-५३ हे १९७९ मध्ये सापडले तेच मुळी एसव्ही-४०च्या लार्ज टी अँटिजेनला चिकटलेले प्रथिन म्हणून. टी अँटिजेन चिकटल्यावर पी-५३ लवकर नष्ट होत नाही, ते पेशीत साचत जाते. त्यामुळे २९३टी पेशींत बाहेरून काहीही न घालता पी-५३चा चांगला गडद बँड दिसतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी नकारात्मक कंट्रोलमध्येही (ज्यात ते जनुक बाहेरून घातलेले नाही) बँड आलेला पाहून प्रतिपिंडाला दोष देत बसतो, आणि प्रतिपिंड बिचारे आपले काम चोख करत असते. अशा प्रथिनासाठी ज्या पेशींत ते मुळातच नसते त्या निवडाव्यात. पी-५३च्या बाबतीत एच-१२९९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी यासाठीच वापरल्या जातात, कारण त्यांत हे प्रथिन बनतच नाही.

पायरी २ : माहितीपत्रक नीट वाचा

कुपीसोबत आलेला कागद बहुतेक जण बाजूला ठेवून देतात. त्यातल्या चार गोष्टी मात्र वहीत उतरवून घेतल्याशिवाय कुपी उघडू नये, असे माझे मत आहे.

पहिली गोष्ट प्रजाती आणि समरूप. एकाच जनुकापासून प्रथिनाची अनेक रूपे बनतात, आणि लायसेटमध्ये त्यांपैकी बहुधा एकच असते. पी-५३साठी सर्रास वापरले जाणारे डीओ-१ हे प्रतिपिंड प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाजवळचा भाग ओळखते. पण डेल्टा-१३३ या नावाच्या समरूपात पहिली १३२ अमिनो आम्ले नसतातच. त्या समरूपाचा लायसेट कितीही उत्तम असला तरी डीओ-१ला तो दिसणार नाही. म्हणून प्रतिपिंड प्रथिनाचा कोणता भाग ओळखते हे त्याच्या कागदावर पाहावे, आणि तो भाग लायसेटमधल्या प्रथिनात आहे का हे दुसऱ्या कागदावर ताडून घ्यावे.

दुसरी गोष्ट टॅग. प्रथिन सहज ओळखता यावे म्हणून त्याच्या एका टोकाला छोटी खूण जोडलेली असते. फ्लॅग टॅग ८ अमिनो आम्लांचा, एचए ९ चा, मिक १० चा आणि व्ही-५ हा १४ चा असतो. यांचे वजन प्रत्येकी एक ते दीड किलोडाल्टनच्या आसपास भरते. हिरवे चमकणारे जीएफपी जोडले असेल, तर मात्र एकदम २७ किलोडाल्टनची भर पडते आणि बँड बराच वर सरकतो. टॅग कोणत्या टोकाला आहे हेही महत्त्वाचे आहे. स्रवणाऱ्या किंवा पटलात बसणाऱ्या अनेक प्रथिनांच्या सुरुवातीला संकेत देणारा तुकडा असतो आणि पेशी तो पुढे कापून टाकते. टॅग त्या तुकड्याच्याही आधी असेल, तर तोही त्याच्याबरोबर जातो. उलट, प्रतिपिंड शेवटच्या टोकाची मोजकी अमिनो आम्लेच ओळखत असेल आणि टॅग नेमका तिथेच जोडलेला असेल, तर त्या टोकाची ओळखच पुसली जाते.

तिसरी गोष्ट द्रावण. लायसेट एसडीएस हे डिटर्जंट असलेल्या नमुना बफरमध्ये असेल, तर त्यातील प्रथिनांची घडी मोडलेली असते. असा लायसेट वेस्टर्न ब्लॉटला चालतो, पण एलायझा किंवा इम्युनोप्रेसिपिटेशनसारख्या, घडी शाबूत लागणाऱ्या तंत्रांना चालत नाही. चौथी गोष्ट जोडीचा कंट्रोल, आणि त्यासाठी स्वतंत्र पायरी हवी.

पायरी ३ : जोडीशिवाय लायसेट वापरू नका

अतिव्यक्त लायसेटचा जोडीदार म्हणजे रिकाम्या प्लाझ्मिडचा लायसेट. त्याच पेशी, तेच प्लाझ्मिड, पेशींत डीएनए घालणारे तेच रसायन, तितकेच तास. फक्त प्लाझ्मिडमध्ये आपले जनुक नसते. पेशींना काहीच न करता फोडलेला द्राव हा याचा पर्याय नव्हे, कारण बाहेरचा डीएनए शिरला की पेशी त्याला प्रतिसाद देतात आणि त्यांच्या प्रथिनांच्या प्रमाणात थोडे बदल होतात. दोन लेनमधला फरक फक्त आपल्या जनुकामुळे पडला आहे असे म्हणायचे असेल, तर बाकी सर्व गोष्टी सारख्याच असाव्या लागतात.

दोन लेन शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. अतिव्यक्त लेनमध्ये अपेक्षित जागी बँड आहे आणि रिकाम्या लेनमध्ये नाही, तर तो बँड आपल्या प्रथिनाचा आहे. दोन्ही लेनमध्ये सारख्याच गडदपणाचा बँड असेल, तर एक तर प्रतिपिंड दुसऱ्याच कुठल्या प्रथिनाला चिकटते आहे, किंवा अतिव्यक्ती झालीच नाही. रिकाम्या लेनमध्ये फिका आणि अतिव्यक्त लेनमध्ये गडद बँड असेल, तर फिका बँड पेशीच्या स्वतःच्या प्रथिनाचा असण्याची शक्यता मोठी असते. टॅगमुळे अतिव्यक्त बँड किंचित वर दिसला, तर ती शक्यता आणखी बळावते. ज्या अभ्यासात रिकाम्या लेनचे चित्रच दिलेले नसते, त्यातील गडद बँडवर मी फारसा विसंबत नाही.

पायरी ४ : स्वतः लायसेट बनवायचा असल्यास

तयार लायसेट मिळत असेल, तर ही पायरी ओलांडून पुढे जाता येईल. बनवायचाच असेल, तर पेशी थाळीच्या तळाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग व्यापतील तेव्हा प्लाझ्मिड घालावे. एका थाळीत आपले जनुक, दुसरीत रिकामे प्लाझ्मिड आणि जमल्यास तिसरीत जीएफपीचे प्लाझ्मिड घालावे. तिसऱ्या थाळीतल्या किती पेशी हिरव्या चमकतात, यावरून ट्रान्सफेक्शन (पेशींत डीएनए घालणे) किती साधले हे सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच दिवशी कळते, आणि फसलेल्या प्रयोगावर पुढचे दोन दिवस वाया जात नाहीत. साधारणपणे ४८ तासांनी पेशी काढतात.

थाळी बर्फावर ठेवून थंड फॉस्फेट सलाइनने दोनदा धुवावी आणि मग पेशी फोडणारा लायसिस बफर घालावा. रिपा या नेहमीच्या लायसिस बफरमध्ये साधारणतः ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ ते १ टक्का सोडियम डीऑक्सिकोलेट आणि ०.१ टक्का एसडीएस असते. प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमांना थोपवणारी प्रोटिएझ रोधके त्यात अगदी ऐन वेळी मिसळावीत. पीएमएसएफ हे जुने आणि स्वस्त रोधक पाण्यात तासाभरातच बऱ्याच अंशी निकामी होते, म्हणून सकाळी बनवलेल्या बफरवर संध्याकाळी विसंबणे बरे नव्हे. बर्फावर अर्धा तास ठेवून, अधूनमधून हलवून, मग ४ अंश सेल्सिअसला सेंट्रिफ्यूजमध्ये १४,००० जीने दहा-पंधरा मिनिटे फिरवावे आणि वरचा द्राव घ्यावा. द्राव पिपेटमधून तारेसारखा लोंबत असेल, तर तो पेशींच्या डीएनएमुळे चिकट झालेला असतो. थोडा वेळ ध्वनिलहरींनी फोडला, की तो सरळ होतो.

तळाशी बसलेला साका लगेच फेकू नये. क्रोमॅटिनला घट्ट बांधलेली आणि पेशीच्या सांगाड्यातली काही प्रथिने रिपामध्ये पुरती विरघळत नाहीत, आणि अतिव्यक्तीमुळे गुठळ्या झालेली प्रथिनेही त्या साक्यातच जातात. पहिल्या खेपेला साकाही एसडीएस बफरमध्ये उकळून जेलवर चालवावा. आणखी एक चूक मी अनेकदा पाहिली आहे: स्रवणारे प्रथिन पेशीच्या द्रावात शोधणे आणि ज्या माध्यमात ते सगळे गेले आहे ते माध्यम बेसिनमध्ये ओतून देणे.

पायरी ५ : प्रथिन मोजा

द्रावात डिटर्जंट असल्यामुळे बीसीए ही रंगावरून प्रथिन मोजणारी पद्धत सोयीची पडते. तिचे वाचन ५६२ नॅनोमीटरला घेतात. ब्रॅडफर्ड पद्धत झटपट होते, पण एसडीएसमुळे तिचे आकडे बिघडतात. उलट, डीटीटीसारखे क्षपणक (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारे रसायन) द्रावात असेल, तर साधी बीसीए चुकते. नमुना बफरमध्ये आधीच उकळलेल्या तयार लायसेटचे मोजमाप करू नये, कागदावरचे प्रमाण धरावे.

पायरी ६ : लायसेट पातळ करा

या साऱ्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होते, म्हणून इथे थोडे थांबू. नैसर्गिक प्रथिन पाहण्यासाठी आपण प्रत्येक लेनमध्ये १० ते ३० मायक्रोग्रॅम एकूण प्रथिन घालतो. अतिव्यक्त लायसेटही तितकाच घातला, तर त्या एका लेनमध्ये आपले प्रथिन नमुन्यांच्या मानाने शेकडो पट असू शकते. मग काय होते, ते प्रकाश देणारे द्रावण पडद्यावर ओतल्याबरोबर दिसते. ती लेन अंधाऱ्या खोलीत नुसत्या डोळ्यांनाही क्षणभर उजळलेली दिसते आणि मग विझते. प्रतिमेत बँडच्या मधोमध पांढरी पोकळी उमटते, कारण तिथल्या दुय्यम प्रतिपिंडाला जोडलेल्या एन्झाइमने भोवतालचे सगळे द्रावण काही सेकंदांत संपवलेले असते. पडदा उचलून पाहिला, तर त्या जागी तपकिरी डाग पडलेला असतो. अशा ब्लॉटवर शेजारचे नैसर्गिक बँड दिसावेत म्हणून एक्स्पोजर वाढवले, की अख्खी प्रतिमा काळी होते.

यावर उपाय म्हणजे अतिव्यक्त लायसेट रिकाम्या प्लाझ्मिडच्या लायसेटमध्ये पातळ करणे. नुसत्या बफरमध्ये पातळ केला, तर लेनमधले एकूण प्रथिन कमी होते आणि ती लेन इतर लेनपेक्षा वेगळी धावते. रिकाम्या लायसेटमध्ये पातळ केला, तर एकूण प्रथिन तेवढेच राहते आणि बदलते ते फक्त आपले प्रथिन.

प्रत्यक्ष हिशेब असा. दोन्ही लायसेट आधी प्रति मायक्रोलिटर २ मायक्रोग्रॅम या प्रमाणावर आणावेत. चार नळ्या घेऊन प्रत्येकीत रिकाम्या प्लाझ्मिडचा लायसेट २० मायक्रोलिटर घालावा. पहिल्या नळीत अतिव्यक्त लायसेट १० मायक्रोलिटर घालून नीट मिसळावा. त्यातले १० मायक्रोलिटर दुसरीत, दुसरीतले १० तिसरीत आणि तिसरीतले १० चौथीत घालावेत, आणि दर वेळी नवी टिप वापरावी. आता नळ्यांमध्ये अतिव्यक्त लायसेट अनुक्रमे ३, ९, २७ आणि ८१ पट पातळ झालेला असतो, पण एकूण प्रथिन सगळीकडे प्रति मायक्रोलिटर २ मायक्रोग्रॅमच राहते. प्रत्येक नळीतले १५ मायक्रोलिटर घेऊन त्यांत चौपट तीव्रतेचा नमुना बफर ५ मायक्रोलिटर मिसळावा. तयार झालेल्या मिश्रणाचे साधारण ६.७ मायक्रोलिटर म्हणजे १० मायक्रोग्रॅम एकूण प्रथिन. त्यात अतिव्यक्त लायसेटचा वाटा पहिल्या नळीत सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम आणि चौथ्या नळीत जेमतेम ०.१२ मायक्रोग्रॅम असतो.

पहिला जेल फक्त या चार नळ्यांचा आणि रिकाम्या लायसेटचा चालवावा, आपले मौल्यवान नमुने त्यावर घालूच नयेत. ज्या पातळीवर बँड स्वच्छ दिसतो पण पोकळ होत नाही, तीच पातळी पुढे कायमची वापरावी. ८१ पट पातळ करूनही बँड फार गडद वाटला, तर त्याच पद्धतीने पुढे जावे. याचा एक आडफायदाही होतो: खालच्या टोकाला बँड कुठे नाहीसा होतो हे कळले, की आपल्या हातून प्रतिपिंडाला साधारण किती कमी प्रथिन दिसते याचा अंदाज येतो.

पायरी ७ : उकळण्याआधी विचार करा

बहुतेक प्रथिनांसाठी ९५ अंशांवर पाच मिनिटे पुरतात. पटलातून अनेकदा आरपार जाणारी प्रथिने मात्र उकळल्यावर एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलच्या तोंडाशीच अडकून पडतात. वेलच्या (जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेच्या) तळाशी गडद डाग आणि अपेक्षित जागी काहीच नाही, असे चित्र दिसले, तर तोच लायसेट न उकळता ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पुन्हा चालवून पाहावा. अतिव्यक्तीत प्रथिनाची गर्दी जास्त असल्यामुळे ही अडचण कंट्रोल लेनमध्ये नमुन्यांपेक्षा जास्त जाणवते. नमुने आणि कंट्रोल यांना एकाच तापमानाची वागणूक द्यावी, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ८ : लेनची मांडणी

मार्कर (ठाऊक वजनांच्या प्रथिनांचे मिश्रण), मग आपले नमुने, मग रिकाम्या प्लाझ्मिडचा लायसेट, मग एक मोकळी लेन आणि त्यानंतर अतिव्यक्त लायसेट, अशी मांडणी मला सर्वांत सुरक्षित वाटते. मोकळी लेन खरोखर मोकळी ठेवू नये. तिच्यात नुसता नमुना बफर घालावा, म्हणजे शेजारच्या लेन तिच्याकडे पसरत नाहीत. अतिव्यक्त लायसेट सर्वांत शेवटी भरावा.

हा क्रम मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एकदा मी अतिव्यक्त लायसेट मधल्या वेलमध्ये आणि तोही सर्वांत आधी भरला होता. टिप वर उचलताना तिच्या टोकाचा निळा थेंब वेलच्या काठावरून शेजारच्या वेलमध्ये निसटला, ते दिसलेही होते, पण एवढ्याने काय होणार म्हणून सोडून दिले. शेजारी होता तो प्रथिनाचे प्रमाण कमी असायला हवे असलेला नमुना. त्यात सुरेख बँड उमटला, आणि त्या बँडवर मी आठवडाभर मोठमोठे तर्क लढवले. दुसऱ्यांदा मांडणी बदलून जेल चालवला, तेव्हा बँड गायब. लायसेट न पातळ करता घातला, की अशा थेंबाचा शंभरावा भागही नैसर्गिक बँडला भारी पडतो.

पायरी ९ : पडदा, प्रतिपिंड आणि टॅगची साक्ष

पडद्यावर प्रथिने उतरवण्याची रीत नेहमीचीच. पीव्हीडीएफ पडदा आधी मिथेनॉलमध्ये भिजवावा, आणि प्रथिन २० किलोडाल्टनपेक्षा लहान असेल, तर ०.४५ ऐवजी ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा पडदा घ्यावा. पडदा प्रतिपिंडात घालण्याआधी त्यावर पॉन्सो रंग चढवून सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखे उतरले आहे का, ते पाहावे.

टॅग लावलेल्या लायसेटचा खरा उपयोग इथे होतो. एका पडद्यावर किंवा त्याच्या दुसऱ्या प्रतीवर टॅगविरोधी प्रतिपिंड वापरावे. टॅगविरोधी प्रतिपिंडाला बँड दिसला आणि आपल्या प्रतिपिंडाला त्याच जागी दिसला नाही, तर दोष आपल्या प्रतिपिंडाचा किंवा त्याला लागणाऱ्या परिस्थितीचा आहे. दोघांनाही दिसला नाही, तर आधी लायसेट आणि प्रथिन पडद्यावर उतरण्याची पायरी तपासावी. चमकणाऱ्या रंगांची दुय्यम प्रतिपिंडे आणि दोन रंग टिपणारे उपकरण असेल, तर एकाच पडद्यावर दोन्ही बँड एकमेकांवर बसतात का, हे पाहता येते. त्यासाठी दोन्ही प्राथमिक प्रतिपिंडे वेगवेगळ्या प्राण्यांतली असावीत. प्रतिपिंडांची विश्वासार्हता कशी तपासावी याबद्दल एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले होते. टॅग लावलेल्या प्रथिनाशी अशी तुलना करणे हा त्यांपैकी एक आहे, पण एकच आहे. जनुक काढून टाकलेल्या किंवा दाबलेल्या पेशींत बँड नाहीसा होतो का, हे पाहणे हा दुसरा मार्ग, आणि प्रतिपिंड फक्त आपलेच प्रथिन ओळखते का, या प्रश्नाला तोच अधिक थेट भिडतो.

पायरी १० : बँडची जागा वाचा

एका अमिनो आम्लाचे सरासरी वजन सुमारे ११० डाल्टन धरतात. पी-५३मध्ये ३९३ अमिनो आम्ले असतात, म्हणजे हिशेबाने ते ४४ किलोडाल्टनच्या जवळ दिसायला हवे. जेलवर ते ५३च्या आसपास दिसते आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले. त्यातला प्रोलिनचा भरणा हे याचे मुख्य कारण. त्यामुळे हिशेबाचा आकडा आणि जेलवरची जागा जुळली नाही म्हणून घाबरू नये. अतिव्यक्त लायसेटचा मोठा उपयोग हाच, की प्रथिन जेलवर खरोखर कुठे धावते हे तो दाखवतो. त्या जागेतून टॅगचे वजन वजा करून मग नमुन्यातला बँड शोधावा.

कंट्रोल लेनमध्ये मुख्य बँडखाली लहान बँडांची जी रांग दिसते, ती बहुधा प्रथिनाचे तुकडे पडल्यामुळे असते. अतिव्यक्तीत प्रथिन प्रचंड असल्यामुळे नेहमी न दिसणारे तुकडेही दिसतात. वरच्या बाजूला दुप्पट वजनाचा बँड दिसला, तर क्षपणक जुने झाले आहे का, हे आधी पाहावे. साखरेच्या साखळ्या असलेल्या प्रथिनात वर पसरट आणि खाली अरुंद असे दोन बँड दिसतात. पेशीवर कामाचा बोजा पडल्यामुळे काही प्रथिन अर्धवट साखळ्यांसह मागे राहते, तो खालचा बँड. पीएनगेज एफ या एन्झाइमने आस्पॅरॅजिनला जोडलेल्या साखळ्या कापल्यावर दोन्ही एका जागी आले, तर शंका मिटते.

फॉस्फरिल गट जोडलेले रूपच ओळखणाऱ्या प्रतिपिंडासाठी मात्र नुसता अतिव्यक्त लायसेट पुरेसा नाही. प्रथिन भरपूर आहे म्हणून त्यावर तो गट लागलेला असेलच असे नाही. पी-५३च्या १५व्या सेरिनवरचा गट पाहायचा असेल, तर पेशींना इटोपोसाइडसारखे डीएनएला इजा करणारे औषध देऊन बनवलेला लायसेट लागतो. बफरमध्ये तो गट काढणाऱ्या एन्झाइमांना थोपवणारी फॉस्फेटेझ रोधके हवीत, आणि त्याच लायसेटच्या रोधके न घातलेल्या भागावर लॅम्डा फॉस्फेटेझ वापरून बँड नाहीसा होतो हेही दाखवावे लागते.

पायरी ११ : साठवण आणि नोंदी

लायसेट आल्या दिवशीच एका प्रयोगाला पुरेल एवढ्या छोट्या वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावा. तीच कुपी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली, की तुकड्यांचे बँड वाढत जातात. प्रत्येक नळीवर प्रथिनाचे नाव, टॅग आणि तो कोणत्या टोकाला आहे, पेशी, प्रमाण, बफर आणि तारीख लिहावी, आणि तीही अशा शाईने की जी अल्कोहोलने पुसली जात नाही. रिकाम्या प्लाझ्मिडच्या नळ्यांना वेगळ्या रंगाचे झाकण द्यावे. बर्फात ठेवलेल्या एकसारख्या दोन नळ्यांची अदलाबदल होणे ही फार साधी चूक आहे, आणि ब्लॉटवर ती फार गहन निष्कर्षासारखी दिसते. साठा संपत आला की नवी खेप मागवावी किंवा बनवावी, पण जुन्या खेपेच्या निदान दोन वाट्या शिल्लक असतानाच. जुनी आणि नवी खेप एकाच जेलवर, एकाच पातळीवर, शेजारी शेजारी चालवावी, नव्या खेपेसाठी किती पट पातळ करायचे तो आकडा त्यावरून ठरवावा आणि त्या पडद्याची प्रतिमा वहीत चिकटवून ठेवावी.